एडगर कॉड : रकान्यांना शिस्त लावणारा गणितज्ञ



थोर व्यक्तींचा परिचय म्हटलं की आपल्याला संत, समाजसुधारक, क्रांतिकारक आणि शास्त्रज्ञ आठवतात. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते गणितज्ञ होते. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना त्यांचं नाव चांगलं माहीत असतं, शाळेत मात्र ते फारसं कानावर येत नाही. तरीही तुम्ही मोबाईलवरून पैसे पाठवता, रेल्वेचं तिकीट काढता, ऑनलाइन सातबारा बघता किंवा यू-डायस प्लसवर विद्यार्थ्यांची माहिती भरता, तेव्हा या माणसाचा विचार पडद्यामागे काम करत असतो. त्यांचं नाव एडगर फ्रँक कॉड.

आपला पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा कारखान्यांचा. शेजारी तळवडे आणि हिंजवडीला आयटी कंपन्या. आपल्या शाळांतून बाहेर पडलेली बरीच मुलं पुढे डिप्लोमा, बीसीएस, बीसीए करतात आणि वेब एपीआय बनवायला शिकतात. तिथे सुरुवातीलाच त्यांना सांगितलं जातं, की आधी मॉडेल ठरवा आणि प्रत्येक रकान्याचा डेटा टाइप लिहा. मुलांना वाटतं, हे कशाला? सरळ माहिती भरू की! या ‘कशाला’चं उत्तर कॉड यांच्या आयुष्यात सापडतं.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव : एडगर फ्रँक कॉड (जवळचे लोक ‘टेड’ म्हणत)
- जन्म : १९ ऑगस्ट १९२३, पोर्टलंड, डॉर्सेट, इंग्लंड
- शिक्षण : ऑक्सफर्ड (गणित), मिशिगन विद्यापीठ (पीएच.डी., १९६५)
- नोकरी : मुख्यतः आयबीएम कंपनीत
- मुख्य कार्य : रिलेशनल मॉडेल (१९७०)
- सन्मान : ट्युरिंग पुरस्कार (१९८१)
- मृत्यू : १८ एप्रिल २००३, फ्लोरिडा, अमेरिका

बालपण आणि शिक्षण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाचं बेटासारखं गाव आहे. तिथे कॉड यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील चामड्याच्या व्यवसायात आणि आई शाळेत शिक्षिका. शिक्षिकेच्या घरचं शेंडेफळ हुशार निघालं. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात दाखल झाले आणि रसायनशास्त्र शिकू लागले.

पण तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. कॉड यांनी शिक्षण अर्धवट सोडलं आणि ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. समुद्रावर गस्त घालणारी मोठी विमानं ते चालवत. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते पुन्हा कॉलेजात आले. या वेळी त्यांनी रसायनशास्त्र सोडून गणित घेतलं आणि १९४८ मध्ये पदवी मिळवली. विमान उडवायची हौस मात्र पुढेही टिकली.

दुकानातला विक्रेता ते संगणकतज्ज्ञ

पदवी मिळताच ते अमेरिकेला गेले. तिथे गेल्या गेल्या मोठी नोकरी मिळाली असं तुम्हाला वाटेल. पण तसं झालं नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात त्यांनी काही काळ पुरुषांचे कपडे विकले. नंतर टेनेसी विद्यापीठात काही महिने गणित शिकवलं. १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये लागले. त्या काळचा संगणक खोलीभर असायचा आणि त्याला काम सांगायला गणितज्ञ लागायचे.

१९५३ मध्ये ते अमेरिका सोडून कॅनडात गेले. त्या वेळी अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे चौकश्या लावल्या होत्या. हे वातावरण कॉड यांना पटलं नाही. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, ते आयबीएममध्ये परतले. त्यानंतर एका संगणकावर एकाच वेळी अनेक कार्यक्रम कसे चालवायचे, यावर त्यांनी काम केलं.

शिक्षक मित्रांनो, यापुढची गोष्ट आपल्यासाठी खास आहे बरं का. चाळिशीच्या उंबरठ्यावर, संसार आणि नोकरी असताना, कॉड पुन्हा विद्यार्थी झाले. आयबीएमच्या मदतीने ते मिशिगन विद्यापीठात शिकले आणि १९६५ मध्ये पीएच.डी. झाले. त्यांचा विषय होता स्वतःची प्रत तयार करू शकणारी गणिती यंत्रं. डेटाबेसशी त्याचा सरळ संबंध नव्हता. पण अवघड गोष्ट कमीत कमी नियमांत बसवायची सवय त्यांना तिथे लागली आणि ती पुढे फार कामी आली. नंतर ते कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात गेले.

तेव्हा माहिती कशी ठेवत?

आता कॉड यांचं काम समजून घेऊ. त्यासाठी आपण चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्याची कल्पना करू.

एक गाडी बनवायची तर हजारो सुटे भाग लागतात. गाडीत इंजिन, इंजिनात पिस्टन, पिस्टनला रिंग, असं ते झाड खाली खाली फुटत जातं. कारखान्यात या यादीला ‘बिल ऑफ मटेरिअल’ म्हणतात. तुमच्या घरात कोणी स्टोअरला किंवा प्लॅनिंगला कामाला असेल तर त्यांना हा शब्द नक्की माहीत असेल.

१९६० च्या दशकात अमेरिकेला चंद्रावर माणूस पाठवायचा होता. त्या अवाढव्य रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळायच्या कामातून आयबीएमची आयएमएस ही माहिती ठेवण्याची पद्धत तयार झाली. तिच्यात माहिती झाडासारखी ठेवलेली असे. वरून खाली जाणारा प्रश्न सोपा होता. या इंजिनात कोणकोणते भाग आहेत, हे फांदीफांदीने उतरलं की कळायचं.

पण प्रश्न उलटा विचारला तर? समजा भोसरीच्या एका वर्कशॉपमधून आलेला बोल्ट खराब निघाला. तो कुठल्या कुठल्या गाड्यांत बसवलाय? त्यासाठी अख्खं झाड पालथं घालायचं, नाहीतर त्या प्रश्नासाठी आधीपासून वेगळी वाट करून ठेवायची. दर नव्या प्रश्नाला नवा प्रोग्रॅम लिहावा लागे. त्यात माहितीची मांडणी बदलली की जुने प्रोग्रॅम बंद पडत. म्हणजे काय, तर माहिती कंपनीची असली तरी तिची चावी मोजक्या प्रोग्रॅमरांच्या खिशात होती.

१९७० चा तो लेख

कॉड यांनी यावर सुचवलेला उपाय ऐकायला अगदी साधा वाटतो. झाड सोडा, तक्ते करा. आधी १९६९ मध्ये कंपनीतल्या एका अहवालात आणि मग जून १९७० मध्ये एका संगणकविषयक मासिकात त्यांनी तो सविस्तर मांडला. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. मोठ्या सामायिक माहितीसाठी रिलेशनल मॉडेल, असा त्या लेखाचा विषय.

गंमत बघा, त्या लेखातलं उदाहरण आपल्या पट्ट्याला अगदी फिट बसतं. पुरवठादार, सुटा भाग, प्रकल्प आणि संख्या असे चार रकाने असलेला तक्ता त्यांनी दिला आहे. कोणी, कोणता भाग, कोणत्या कामासाठी, किती दिला! भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या उद्योजकाला तो बघताक्षणी कळेल.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा :

१. प्रत्येक तक्ता एकाच गोष्टीबद्दल असावा. विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा, शाळांचा वेगळा.

२. एक ओळ म्हणजे एक नोंद. प्रत्येक ओळ ओळखता यावी म्हणून एक रकाना (किंवा काही रकाने मिळून) असा हवा, जो दुसऱ्या ओळीत तसाच येणार नाही. त्याला ‘की’ म्हणतात.

३. एका चौकटीत एकच किंमत. मोबाईलच्या रकान्यात आईचा आणि बाबांचा असे दोन नंबर कोंबायचे नाहीत. कॉड यांनी इथे कर्मचारी आणि त्याची मुलं यांचं उदाहरण घेतलं. मुलांचा तक्ता वेगळा करायचा आणि कर्मचारी क्रमांकाने तो जोडायचा.

४. तक्ते एकमेकांना किमतींनीच जोडायचे. माहिती डिस्कवर कुठे ठेवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज नाही.

आपल्याकडचा जनरल रजिस्टर क्रमांक ही अशीच एक ‘की’ आहे. शाळेत तो एका मुलाला एकदाच मिळतो. पण चाकणच्या शाळेत २१५ नंबर आहे आणि मोशीच्या शाळेतही २१५ आहे, मग काय? तेव्हा शाळेचा यू-डायस क्रमांक आणि जनरल रजिस्टर क्रमांक दोन्ही मिळून ‘की’ होते.

सातबारा बघा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याची नोंद आणि नमुना बारा म्हणजे त्या जमिनीतल्या पिकांची नोंद. दोन्ही गट क्रमांकाने जोडलेले. आठ-अ काढला की एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. तीच माहिती, पण एकदा गटाच्या बाजूने विचारलेली आणि एकदा खातेदाराच्या बाजूने. कॉड यांचं मॉडेल येण्याच्या कितीतरी आधीपासून आपले तलाठी हे रकाने भरत आले आहेत. म्हणून रिलेशनल मॉडेल शिकवताना आपल्याकडच्या मुलांना सातबाऱ्यापासून सुरुवात करून दिली तर पटकन समजतं.

रकान्यात काय बसतं?

आता आपण डेटा टाइपकडे येऊ. कॉड यांनी सांगितलं, की प्रत्येक रकान्यातल्या किमती ठरलेल्या एका संचातूनच आल्या पाहिजेत. या संचाला त्यांनी ‘डोमेन’ म्हटलं. नुसता ‘आकडा’ म्हणून भागत नाही. वजनही आकडा, हजेरी क्रमांकही आकडा. पण मुलाच्या वजनात त्याचा हजेरी क्रमांक मिळवून काय मिळणार? संगणकाला बेरीज येते, पण अर्थ कळत नाही. अर्थ आपल्याला सांगावा लागतो. पुढची उदाहरणं वाचताना तुम्हाला तुमचीच एक्सेल शीट आठवेल.

आधार क्रमांक. १२ अंकी आहे म्हणून आपण त्याला संख्या समजतो. एक्सेलमध्ये टाकला की त्याचा मध्येच ‘ई’ अक्षर आलेला विचित्र आकडा दिसतो. कारण एक्सेलला ती अब्जांतली रक्कम वाटते. आधार, मोबाईल, पिनकोड, यू-डायस यांची आपण कधी बेरीज करत नाही. त्यामुळे ते ‘मजकूर’ या प्रकारात ठेवायचे. हीच गोष्ट कारखान्यातल्या पार्ट नंबरची. ००४७ हा नंबर संख्या म्हणून ठेवला की ४७ होतो आणि पुढची दोन शून्यं गायब.

गट क्रमांक. गट नंबर ४/२ एक्सेलमध्ये लिहा आणि एंटर मारा. त्याची तारीख झालेली दिसेल! प्रकार आपण सांगितला नाही की संगणक त्याच्या मनाने ठरवतो.

जमिनीचं क्षेत्र. एका शेतकऱ्याची जमीन १ एकर ३० गुंठे आणि दुसरी १ एकर २० गुंठे. कोणी ती १.३० आणि १.२० अशी लिहिली. संगणक बेरीज करून २.५० सांगेल. म्हणजे अडीच एकर? की २ एकर ५० गुंठे? पहिलं उत्तर चूक आणि दुसरं असं लिहीत नाहीत. ४० गुंठ्यांचा एकर, त्यामुळे खरं उत्तर ३ एकर १० गुंठे. दिसायला दशांश अपूर्णांक, पण प्रकार वेगळा. ज्या पट्ट्यात गुंठ्यागुंठ्याला मोल आहे तिथे हा फरक किती महाग पडेल, हे सांगायला नको.

जन्मतारीख. ०३/०४/२०१५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. पहिलीच्या प्रवेशाला वय मोजलं जातं, तिथे एका महिन्याने मूल आत किंवा बाहेर होऊ शकतं. म्हणून वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, २०१५-०४-०३, लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे.

रिकामा रकाना आणि शून्य

एक मूल परीक्षेला बसलं आणि त्याला ० गुण मिळाले. दुसरं मूल गैरहजर होतं. दोघांच्या रकान्यात ० लिहिलं तर वर्गाची सरासरी चुकेल. आणि जे मूल बसलंच नाही त्याच्यावर नापासाचा शिक्का बसेल. आरोग्य तपासणीत वजन घ्यायचं राहिलं म्हणून कोणी ० लिहिलं, तर कागदावर ते मूल शून्य किलोचं होतं!

‘माहिती नाही’ ही स्वतःच एक माहिती आहे. ती शून्यापेक्षा वेगळी, कोऱ्या जागेपेक्षाही वेगळी. कॉड यांनी ही गोष्ट फार गंभीरपणे घेतली. यासाठी संगणकात ‘नल’ हा शब्द वापरतात. १९८५ मध्ये त्यांनी खरा रिलेशनल डेटाबेस कसा ओळखावा याचे नियम लिहिले, त्यातला एक नियम फक्त ‘नल’साठी आहे. या नियमांना ‘कॉडचे १२ नियम’ म्हणतात. पण ते ० पासून १२ पर्यंत आहेत, म्हणजे मोजून १३! विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत हे लक्षात ठेवा.

स्वतःच्याच कंपनीशी झगडा

एवढी चांगली कल्पना, मग कंपनीने ती लगेच उचलली असेल ना? नाही. आयबीएमचा आयएमएस तेव्हा जोरात विकला जात होता. चालत्या दुकानासमोर आपणच दुसरं दुकान कशाला टाकायचं, असा तो विचार. शिवाय लेखात गणिती चिन्हं भरपूर, त्यामुळे बऱ्याच जणांना तो समजायला जड गेला. तक्त्यांनी संगणक मंद चालेल, असाही आक्षेप होता. आणि त्या काळच्या यंत्रांकडे बघता तो आक्षेप अगदीच खोटा नव्हता.

कॉड गप्प बसले नाहीत. त्यांनी लेख लिहिले, भाषणं दिली, कंपनीच्या ग्राहकांपर्यंत आपलं म्हणणं पोहोचवलं. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे जाहीर वाद झाला. समोर होते चार्ल्स बाखमन. माहितीच्या जाळ्यातून प्रोग्रॅमरने वाट काढत जावं, या पद्धतीचे ते पुरस्कर्ते आणि १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. सामान्य माणसाला वाट माहीत नसतानाही माहिती मिळाली पाहिजे, ही कॉड यांची बाजू.

पुढे सॅन होजेलाच ‘सिस्टिम आर’ हा प्रयोग सुरू झाला. तिथल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या तरुण संशोधकांनी तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा तयार केली. आज आपण तिला एसक्यूएल म्हणतो. बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी ‘इन्ग्रेस’ तयार केलं. आणि बाजारात? १९७९ मध्ये ओरॅकल आलं. आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएल उत्पादन त्यानंतर, १९८१ मध्ये. ज्या घरात कल्पना जन्मली, त्या घराच्या आधी शेजाऱ्यांनी ती विकली.

१९८१ मध्येच कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. तरी ते समाधानी नव्हते. एसक्यूएलमध्ये एकसारख्या दोन ओळी चालतात, डोमेनची कल्पना अर्धवटच उतरली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८५ चे नियम त्यांनी याच तळमळीतून लिहिले. बाजारात जो तो आपलं उत्पादन ‘रिलेशनल’ म्हणून विकू लागला होता, तेव्हा खरं कोणतं आणि नावापुरतं कोणतं हे ग्राहकाला तपासता यावं म्हणून.

वेब एपीआयमध्ये हे कुठे येतं?

वेब एपीआय म्हणजे काय? तहसील कचेरीतल्या खिडकीसारखी कल्पना करा. आत रेकॉर्ड रूम आहे, तिथे तुम्हाला प्रवेश नाही. खिडकीवर ठरलेला अर्ज द्यायचा, ठरलेल्या स्वरूपात उत्तर मिळतं. मोबाईलमधलं ॲप असंच सर्व्हरच्या खिडकीशी बोलतं. त्या अर्जाचा नमुना म्हणजे मॉडेल. विद्यार्थ्याचं एक छोटं मॉडेल असं होईल :

- शाळेचा यू-डायस क्रमांक – मजकूर, ११ अंक, सक्तीचा, शाळांच्या तक्त्याशी जोडलेला
- जनरल रजिस्टर क्रमांक – मजकूर, सक्तीचा, एका शाळेत एकदाच
- विद्यार्थ्याचं नाव – मजकूर, सक्तीचं
- आडनाव – मजकूर, रिकामं चालेल
- जन्मतारीख – तारीख, सक्तीची, आजच्या पुढची नको
- इयत्ता – पूर्णांक, १ ते १२
- वजन – दशांश संख्या, रिकामं चालेल
- दिव्यांग आहे का – हो किंवा नाही

एवढं ठरलं, की कोणी जन्मतारखेच्या रकान्यात ‘पाचवी’ लिहून पाठवलं तर खिडकीवरचा माणूस अर्ज परत करतो. एपीआय सहसा ४०० क्रमांकाचा नकार पाठवतो, म्हणजे तुमच्या विनंतीत चूक आहे. चुकीची नोंद आत जाऊन बसण्यापेक्षा दारातच अडलेली बरी.

शिकणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. एपीआयमध्ये माहिती बहुतेक वेळा जेसन या स्वरूपात ये-जा करते. जेसनला मजकूर, संख्या, हो-नाही आणि नल कळतं, पण तारीख कळत नाही. ती मजकूर म्हणूनच प्रवास करते. त्यामुळे हा मजकूर म्हणजे तारीख आहे, हे मॉडेलमध्येच लिहावं लागतं. रुपये-पैशांसाठीही साधी दशांश संख्या न घेता अचूक दशांशाचा वेगळा प्रकार घेतात. कारण संगणक ०.१ आणि ०.२ द्विमान पद्धतीत साठवतो, तेव्हा त्यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही. पगारपत्रकात असा किंचित फरक साठत गेला तर हिशेब जुळायचा नाही.

यात आपल्या मुलांचं काय पणाला लागलंय?

वरच्या मॉडेलमध्ये आडनाव रिकामं चालेल असं लिहिलं आहे, ते मुद्दाम. आपल्या पट्ट्यातल्या शाळांमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, कर्नाटक, मराठवाडा अशा अनेक भागांतून आलेल्या कामगारांची मुलं असतात. काहींच्या आधार कार्डावर एकच नाव असतं, आडनाव नसतंच. फॉर्मने आडनाव सक्तीचं केलं, की कोणी वडिलांचं नाव भरतं, कोणी नुसतं टिंब देतं, कोणी पहिलंच नाव परत लिहितं. फॉर्म भरला जातो खरा, पण तेच मूल तीन ठिकाणी तीन नावांनी नोंदलं जातं.

समजा, एका मुलीच्या वडिलांचं कंत्राट संपलं. घर मोशीहून चाकणला हललं, वर्षाच्या मध्येच. नव्या शाळेत स्पेलिंग थोडं वेगळं पडलं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटला. संगणकाच्या दृष्टीने आता त्या दोन मुली आहेत. जुन्या शाळेत एक शाळाबाह्य झाली आणि नव्या शाळेत एक दाखल झाली. तिची शिष्यवृत्ती अडते, बँक खात्यावरचं नाव जुळत नाही, पुढे दहावीच्या फॉर्मच्या वेळी पळापळ होते. जुन्या शाळेचा पट कागदावर एक दिसतो आणि वर्गात एक बसतो. संच मान्यता पटावर ठरते, हे आपल्याला माहीतच आहे.

या मुलीने काहीच चूक केलेली नाही. माहिती भरणाऱ्या शिक्षकालाही सगळा दोष देता येणार नाही. ज्याने रकाने ठरवले, त्याने अशा मुलीचा विचार केला होता का, हा खरा प्रश्न आहे. उद्या आपलाच एखादा विद्यार्थी एखाद्या ऑफिसात बसून असं मॉडेल लिहिणार आहे. त्याने ‘आडनाव सक्तीचं’ लिहिण्याआधी क्षणभर थांबावं, आपल्या वर्गातला तो एकच नाव असलेला मित्र आठवावा, एवढी तरी अपेक्षा आपण ठेवू या.

अखेरची वर्षं

१९८४ मध्ये कॉड आयबीएममधून निवृत्त झाले. पण काम थांबलं नाही. क्रिस डेट आणि शॅरन वाइनबर्ग या सहकाऱ्यांसोबत त्यांनी सल्लागार कंपनी चालवली. शॅरन पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. १९९० मध्ये त्यांनी आपल्या मॉडेलची सुधारित मांडणी पुस्तकरूपाने केली. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षापासून डेटाबेसमधल्या मोठ्या संशोधन पुरस्काराला त्यांचं नाव दिलं गेलं.

आपण काय घ्यावं?

- चाळिशीतही पुन्हा विद्यार्थी होता येतं.
- आपलं म्हणणं बरोबर असेल तर ते अनेक वर्षं, अनेक प्रकारे मांडत राहावं लागतं. १९७० चा विचार बाजारात यायला जवळजवळ दहा वर्षं गेली.
- माहिती भरण्याआधी रकाना नीट ठरवावा. काय लिहायचं, कशात लिहायचं, माहीत नसेल तर काय करायचं.

स्वाध्याय

१. तुमच्या हजेरीपटातले रकाने लिहा. प्रत्येकापुढे मजकूर, पूर्णांक, दशांश, तारीख, हो-नाही यांपैकी प्रकार लिहा.

२. शाळेच्या ग्रंथालयासाठी ‘पुस्तक’, ‘वाचक’ आणि ‘देवघेव’ असे तीन तक्ते तयार करा. प्रत्येकाची ‘की’ कोणती?

३. २ एकर २५ गुंठे आणि १ एकर ३५ गुंठे यांची बेरीज करा. हीच बेरीज दशांशाने केली तर काय चुकतं ते वहीत लिहा.

४. गैरहजर विद्यार्थ्याला ० गुण दिल्यास सरासरी कशी बदलते, पाच मुलांचं उदाहरण घेऊन दाखवा.

५. घरातल्या मोठ्यांना विचारा : त्यांच्या कंपनीतला पार्ट नंबर कसा असतो? त्यात पुढे शून्य किंवा मध्ये अक्षरं असतात का? तो संख्या म्हणून ठेवावा की मजकूर म्हणून, कारणासह सांगा.